पोत्याच्या तोंडाची गाठ

कोंबडी मेली होती, याबद्दल मैदानातल्या कुणालाच शंका नव्हती. मान लांब, पाय ताठ, एक डोळा आभाळाकडे उघडा. खाद्याच्या दुकानासमोर तीन-चारशे माणसं श्वास रोखून उभी होती. मधोमध फळीवर कोंबडी आडवी आणि करड्या झग्यातले बाबा तिच्या चोचीपासून पुढे खडूने सरळ रेघ ओढत होते.

"दोष सुटला!" बाबा ओरडले. "पोटातून मानेत आला, मानेतून चोचीत आला, आता रेघेवरून निघालाय. समोरून बाजूला व्हा! कुणाच्या अंगात शिरला तर मी जबाबदार नाही!"

रेघेसमोरचे आठ-दहा जण असे पांगले की त्यातल्या एकाची चप्पल तिथेच राहिली. बाबांनी सावकाश तीन श्वास घेतले, कोंबडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि फाडकन टाळी वाजवली. मेलेली कोंबडी ताडकन उठली, पंख झाडले आणि लोकांच्या पायांतून कलकलाट करत पळत सुटली. मैदानात असा गजर झाला की दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरंही उडाली.

दुकानाच्या ओट्यावर, वजनकाट्याशेजारी, एक माणूस हाताची घडी घालून हे सगळं बघत होता. अठरा वर्षं तो या दुकानात पोती तोलत होता, वाहत होता, शिवत होता. त्याला सगळे तराजू म्हणत. एक म्हणजे पोतं नुसतं हलवून तो किलो सांगायचा. दुसरं म्हणजे कुणी काहीही सांगितलं तरी हा आधी मनात तोलून बघायचा. मागे एक साधू तळ्याच्या पाण्यावर चालला होता, तेव्हा लोक पाया पडत असताना यानेच पाण्यात हात घालून खालची फळी बाहेर काढली होती. त्या दिवसापासून स्वतःच्या अकलेचा त्याला जरा अभिमानच होता. पुढे जे झालं त्यात या अभिमानाचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

"आता साक्ष!" बाबा म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, मुकं जनावर बोलणार नाही. कुणाचा कुत्रा आहे?"

गर्दीतून एक बाई पुढे आली. काखेत कोंबडी, हातात दोरी, दोरीला तांबूस रंगाचा वयस्कर कुत्रा. तराजूने हाताची घडी सोडली. ती त्याची ताई होती.

ताईकडे दोनशे कोंबड्या होत्या. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या दोनशे कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायचं, आणि त्या कोंबड्यांवर पहारा असायचा या कुत्र्याचा. तो दिवसातून चार वेळा खुराड्याभोवती फेरी मारायचा, म्हणून त्याचं नाव जमादार. गेल्या दीड महिन्यात दोनशेच्या एकशे वीस झाल्या होत्या. उरलेल्या अंडी द्यायच्या बंद झाल्या होत्या. तुरे फिके पडत, मग कोंबडी एका कोपऱ्यात फुगून बसे आणि सकाळी मेलेली सापडे. निम्म्या वस्तीत हेच चाललं होतं. पाळलेले कुत्रेही ओकत होते. कुणी म्हणे, कंपनी खाद्यात मुद्दाम काहीतरी मिसळते. कुणी म्हणे, नजर लागली. लोक चिडून दुकानावर यायला लागले, आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकांनी कुठूनसे हे बाबा आणले.

बाबांनी दोन परातींमध्ये खाद्य ओतवलं. एकीत लोकांच्या घरचं, दुसरीत स्वतःच्या झोळीतलं. बाजूला धूप इतका पेटवला होता की पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती. बाबांनी डाव्या हाताने पहिली परात ढवळली, उजव्या हाताने दुसरी. जमादार पहिल्या परातीशी गेला, हुंगून फटकन शिंकला आणि शेपूट पायांत घालून मागे सरला. दुसऱ्या परातीत मात्र तोंड घालून चाटायला लागला.

"बघितलंत? माणसाला कळलं नाही, कंपनीला कळलं नाही, याला कळलं! पोत्यात दाणा नाही रे बाबांनो, हाय बसलीय हाय! आणा सगळी पोती. परवापर्यंत इथे अग्नी चालू राहील. खाद्य जाळा, पोत्यासकट जाळा. रिकामं पोतं घरात राहिलं तरी दोष घरात राहिला! आणि मी शुद्ध केलेलं नवं पोतं इथूनच घेऊन जा."

ताईने हात जोडले. तराजूच्या मनात मात्र एक खडा टोचला. खाद्य जाळायचं ते समजलं. पण दोषाला रिकाम्या पोत्याशी काय घेणं-देणं?

त्याने मागे वळून बघितलं. मालक दाराशी उभे होते आणि लोकांकडे न बघता पोती मोजत होते.

खरं तर त्याला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं.

दोन महिन्यांपूर्वी गोदामाचं पन्हाळं फुटलं होतं. पाणी आठ दिवस भिंतीतून झिरपत राहिलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. थप्पी हलवली तेव्हा खालची नव्वद-पंच्याण्णव पोती ओली निघाली. त्यांत कोंबड्यांचं खाद्य होतं, कुत्र्यांचंही होतं. उघडल्यावर कुबट वास, दाण्यांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर हिरवी लव. मालक म्हणाले, "गच्चीवर पसरा. चार दिवस कडक ऊन दाखवा. गठ्ठे फोडा, चाळा, नव्या पोत्यांत भरा." चौघांनी मिळून ते केलं. चौथ्या दिवशी वास गेला, लव गेली, दाणा खडखडीत वाजायला लागला. पोत्यांची तोंडं तराजूने स्वतः हाताने शिवली, कारण शिवायचं यंत्र बिघडलेलं होतं. आणि त्यातलीच सहा पोती, वर कुत्र्याच्या खाद्याची एक गोणी, मालकांनी त्याला सवलतीत दिली. त्याने ती हातगाडीवर घालून ताईच्या घरी नेली. बहिणीचं भलं केलं या समाधानात त्या रात्री तो दोन घास जास्तच जेवला.

ऊन दाखवलं की झालं. हे त्याला इतकं ठाऊक होतं, की ते आपल्याला कुणी शिकवलं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईकडे गेला तेव्हा खुराड्याबाहेर पाच कोंबड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. ताई त्यांच्यावर चुना टाकत होती.

"जमादार उठत नाहीये," ती म्हणाली. "काल बाबांच्या हातचं खाल्लं ना त्याने? मग का उठत नाही?"

जमादार पडवीतल्या बाजेखाली पडला होता. तराजूने त्याचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या, डोळ्यांचं पांढरंही पिवळं. त्याने त्याला दोन्ही हातांवर घेतलं. वजन करायची सवयच होती. हा कुत्रा तेवीस किलोंचा होता. आता सोळासुद्धा भरला नसता.

जनावरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याचं टेबल आणि एक डॉक्टरीणबाई. बाईंनी जमादारला तपासलं, सुई दिली, बाटली लावली आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"यकृत गेलंय. दहा दिवसांत असले अकरा कुत्रे बघितले मी. कोंबड्या तर विचारूच नका. काय खायला घालता याला?"

"आमच्याच दुकानातलं खाद्य. पण बाई, ते चांगलं—"

"ते ओलं झालं होतं का कधी?"

"झालं असेल थोडं. पण चांगलं चार दिवस कडक ऊन दाखवलं होतं. वाससुद्धा राहिला नव्हता."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"हे बघा," त्या सावकाश म्हणाल्या. "मक्याला बुरशी आली की ती दाण्यात विष सोडते. उन्हाने बुरशी वाळते, झडते, वास जातो. विष राहतं. भाजलं, उकळलं तरी पुरतं जात नाही. उलट गठ्ठे फोडून सगळीकडे मिसळलं म्हणजे चांगल्या दाण्यालाही लागतं. कोंबडी आधी अंडी बंद करते, मग खंगते. कुत्र्याचं यकृत सडतं. वाळवलेलं ओळखता येत नाही, हाच धोका. ओलं होतं तोवर निदान नाकाला कळत तरी होतं."

"म्हणजे ऊन दाखवून..."

"म्हणजे धोक्याची खूण तेवढी पुसली."

तो स्टुलावर बसला. गच्चीवर अनवाणी पायांनी ते खाद्य उलथंपालथं करताना पायांना लागलेली ऊब त्याला आठवली. किती छान वाटलं होतं तेव्हा.

"मला त्या खाद्याचा नमुना द्या," बाई म्हणाल्या. "मूठभर पुरे, पण पोत्यासकट आणा. प्रयोगशाळेत पाठवते. तीन आठवडे लागतील. नमुन्याशिवाय मी काही बोलले तर तुमचे मालक मलाच वेड्यात काढतील. एकदा काढलंच आहे."

"आणि तो बाबा? कोंबडी मारून जिवंत करतो तो?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. पिंजऱ्यात पायाला पट्टी बांधलेली एक कोंबडी होती. बाईंनी ती काढून टेबलावर कुशीवर धरली, डोकं हलकेच दाबलं आणि बोटाने चोचीसमोर रेघ ओढल्यासारखं केलं. कोंबडी निपचित. हात काढले तरी निपचित. तराजूने आ वासला.

"शिकाऱ्याच्या तावडीत सापडलं की मेल्याचं सोंग घ्यायचं, हे तिच्या रक्तात आहे. ती सोंग घेते असंसुद्धा नाही, भीतीने गोठते बिचारी. टाळी वाजवा."

त्याने वाजवली. कोंबडी उठून लंगडत पळाली. मंत्र नाही, खडू नाही, झगासुद्धा नाही.

तराजू धावतच ताईच्या घरी आला. खाद्याच्या खोलीत झाडलेली जमीन होती, बाकी काही नाही. शेजारीण म्हणाली, "ताई मैदानात गेल्यात ना, उरलेली दोन्ही पोती हातगाडीवर घालून. रिकामी होती तीसुद्धा शोधशोधून नेली."

मैदानात आग धडधडत होती. मक्याच्या भाजण्याचा वास सुटला होता. ताईचं दुसरं पोतं तिच्या हातातून निसटून ज्वाळेत पडताना त्याने डोळ्यांनी बघितलं. शंभर पावलांवर होता. ओरडला, पण गजरात त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार!

मग तो गर्दी कापत थेट बाबांपुढे गेला आणि वाकून डोकं पुढे केलं. बाबांना भक्त वाटला. त्यांनी डावा हात त्याच्या कपाळावर ठेवला. तराजूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ते भक्तीचं नव्हतं. त्याने बाबांचं मनगट घट्ट पकडलं आणि हात उंच केला.

"या! वास घ्या याचा! डोकेदुखीचा बाम आहे, अर्धी डबी चोपडलीय! कुठला कुत्रा याने ढवळलेली परात खाईल? धूप कशाला पेटवलाय ते कळलं का आता? आणि उजवा हात बघा, चरबीने नुसता ओशट!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी खरोखरच हुंगलं. एक जण शिंकला. कुणीतरी खुदकन हसलं. तराजूने तेवढ्यात एका बाईच्या काखेतली कोंबडी मागून घेतली, फळीवर आडवी केली, बोटाने रेघ ओढली. कोंबडी मेली. टाळी वाजवली. कोंबडी जिवंत झाली.

"मीही बाबा झालो! आता मलाही झगा शिवा!"

आता मैदान हसत होतं. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या कोंबडीवर प्रयोग करून बघितला आणि टाळी वाजवून तिला उठवल्यावर तो लहान मुलासारखा हरखला. बाबांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, जिंकलो.

पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी झगा सावरला, हसणं ओसरू दिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मी खोटा. मान्य. तू खरा. मग सांग या माणसांना. यांच्या कोंबड्या कशाने मेल्या?"

सगळे तराजूकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेत अविश्वास नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ताई आगीशेजारी रिकामी हातगाडी धरून उभी होती आणि तीही बघत होती.

ओट्यावरून मालकांचा आवाज आला. फार प्रेमळ. "तराजू, अठरा वर्षं झाली ना रे तुला माझ्याकडे? सांग की. तुला काही माहीत आहे का?"

त्याच्या जिभेवर सगळं होतं. पन्हाळं, गच्ची, चाळणी, दाभण. पण पुरावा आगीत होता, गोदाम चुन्याने पांढरं करून झालं होतं, आणि पोत्यांची तोंडं शिवणारे हात त्याचे होते. बोललं तर नोकरी जाणार, ते एक. पण ताई ऐकणार होती.

"मला," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"ज्याला कारण माहीत नाही," बाबा गर्दीकडे वळले, "तो उपाय करणाऱ्याला हसतो!"

हसणारे ओशाळले. म्हाताऱ्याने आपली कोंबडी गुपचूप काखेत घातली. पाच मिनिटांत रांग पुन्हा लागली, आधीपेक्षा लांब.

जमादारला तराजूने दुपारी घरी आणलं. बाटल्यांचा उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. संध्याकाळी ऊन उतरताना त्याने एकदा उठायचा प्रयत्न केला. फेरीची वेळ झाली होती. पुढचे पाय टेकले, मागचे उचलले नाहीत. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते तिच्या मांडीवरच जड झालं.

तराजूला रडू येत होतं, पण रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटत होतं.

"याला गुंडाळायला काहीतरी आण," ताई म्हणाली. मग स्वतःच उठली. खुराड्यात अंडी घालायच्या खोक्यांपुढे तिने पडदे लावले होते, कारण कोंबडीला अंडं घालायला अंधार लागतो. पडदे रिकाम्या पोत्यांचे. ताईची एक पद्धत होती: पोतं ती नेहमी बुडाकडून उघडायची. बूड कारखान्यात यंत्रावर शिवलेलं असतं, एक दोरा ओढला की सरसर उसवतं. हाताने शिवलेलं तोंड मात्र चिवट, म्हणून ते ती तसंच ठेवायची आणि त्या शिवणीतून काठी ओवून पडदा टांगायची. बाबांनी रिकामी पोतीसुद्धा जाळायला सांगितली तेव्हा तिने घर धुंडाळलं होतं, पण हे पडदे तिला आठवलेच नव्हते. तिच्या लेखी पोत्याचा पडदा झाला की ते पोतं राहत नसे.

तिने काठी ओढली. शिवण बोटांखालून सरकली आणि टोकाशी तिचं बोट थांबलं.

तिने ते टोक उजेडात धरलं. दोन वेढे, तिसरा उलटा, आणि दोऱ्याची शेपटी आत खोचलेली. आई गोधड्या शिवायची, तेव्हा दोन्ही मुलांना जवळ बसवून तिने ही गाठ शिकवली होती. "शेपटी बाहेर ठेवाल तर कुणीही ओढेल," म्हणायची. उभ्या जगात ही गाठ दोनच माणसं घालत होती, आणि त्यांतलं एक पडदा हातात धरून उभं होतं.

ताईने दुसरा पडदा उलटून बघितला. तिसरा बघितला.

"कारखान्याची पोती म्हणालास."

तो जवळ येऊन गाठीकडे बघू लागला.

"ही तू शिवलीस."

"हो."

"कशाला उसवली होती?"

त्याने सांगितलं. सगळं, एका दमात. शेवटी म्हणाला, "ऊन दाखवलं होतं ताई, चार दिवस. आईची शपथ, मला वाटलं विष गेलं. मला आजच कळलं."

"आज कधी? मैदानाच्या आधी की नंतर?"

पोती तोलणाऱ्याला हे उत्तर तोलता आलं नाही. "आधी," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. ओरडली नाही. "बाबाला सगळ्यांसमोर हसलास तू. त्याची ती आग, तुझं ते ऊन. त्याला मी कालपर्यंत ओळखत होते होय? तुला जन्मापासून ओळखते." मग तिने पोतं बाजूला ठेवलं आणि आतून स्वतःची चादर आणली. "त्या पोत्यात नाही घालायचं माझ्या कुत्र्याला."

जमादारला दोघांनी मिळून खुराड्यामागे पुरलं. पडद्याच्या शिवणीच्या दुमडीत तराजूला नंतर चिमूट-दोन चिमूट दाणा सापडला, चेपलेला, हिरवट. त्याने शिवण उसवली नाही. सकाळी तो एक पडदा तसाच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पिशवीत घातला, वर तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "एवढ्याशा दाण्यावर निकाल लागेलच असं नाही. पाठवते."

उरलेले दोन पडदे घेऊन तो मैदानात गेला. अग्नीचा शेवटचा दिवस होता. बाबांनी हात आवरता घेतला होता, आज बाम नव्हता, कोंबडीही नव्हती, नुसतीच आग होती आणि रांग. चमत्कार एकदा खपला की पुढे तो नुसत्या रांगेवरही चालतो.

तराजू वजनकाट्यावर चढून उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

"काल मला विचारलं होतं, कोंबड्या कशाने मेल्या. मी खोटं बोललो. मला माहीत होतं." त्याने दोन्ही पडदे उंच धरले. "गोदामात पाणी शिरलं. खाद्याला बुरशी आली. आम्ही ते गच्चीवर वाळवून, चाळून, नव्या पोत्यांत भरून तुम्हाला विकलं. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. ही पोती मी शिवली. ही बघा गाठ, माझ्या आईची आहे, माझ्याशिवाय दुकानात कुणाला येत नाही. दोष नाही, हाय नाही, कंपनीचं कारस्थान नाही. फुटलेलं पन्हाळं आणि आमची लबाडी. पोत्यासकट जाळायला सांगितलं ते या गाठीसाठी. तुम्ही दोष नाही जाळलात, पुरावा जाळलात!"

"तराजू, दमलायस तू," मालक म्हणाले. "कुत्रा गेला ना काल? घरी जा. उद्यापासूनही घरीच राहा."

"जातो मालक. एवढंच सांगतो आणि जातो." तो लोकांकडे वळला. "बाबा म्हणतो म्हणून खाद्य जाळू नका, आणि मी म्हणतो म्हणून थांबूही नका. मूठभर खाद्य डॉक्टरीणबाईंकडे न्या, तपासून घ्या. नवं पोतं घेताना शिवण बघा, तारखेची चिठ्ठी बघा. चिठ्ठी नसेल तर विचारा, का नाही. मला कुणी विचारलं असतं ना, तर मी दोन महिन्यांपूर्वीच अडकलो असतो. कुणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

गर्दीत कुजबूज झाली. तेरा-चौदा माणसं आपली पोती घेऊन रांगेतून बाहेर पडली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. तराजूने ती मोजली, सवयच ती. बाकीची रांग जरा हलली, जरा थांबली आणि मग पोकळी भरून पुढे सरकली. एक बाई त्याच्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणता ते पटतंय हो. पण एकदाचं जाळून टाकलेलं बरं, मनाला शांती." आणि तिने पोतं आगीत टाकलं. तिला अडवायला त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. जे होतं ते सगळं बोलून झालं होतं.

वाचकहो, या गोष्टीत बाबाला पकडणं सोपं होतं. बामाचा वास नाकाला येतोच. अवघड होतं ते ऊन, कारण ते खोटं वाटत नाही. आपल्या प्रत्येकाच्या गच्चीवर असलं काहीतरी वाळत पडलेलं असतं. ते कुणाच्या तोंडी घालण्याआधी एकदा विचारून बघा, हे मला कुणी सांगितलं आणि ते कुणी तपासलं. एवढीच विनंती आहे.

बाबा त्या संध्याकाळी गेले. पुढच्या गावात त्यांचे फलक आधीच लागले होते. प्रयोगशाळेचा निकाल अजून आलेला नाही.

चार दिवसांनी ताईने दूरच्या दुसऱ्या दुकानातून एक पोतं आणवलं. तराजूने ते उतरवून घेतलं. ती त्याच्याशी अजून बोलत नव्हती. तिने पोत्याचं तोंड त्याच्यापुढे केलं. त्याने चिठ्ठी वाचली, शिवण बघितली, पोतं बाहेरूनच दाबून दाणे चाचपले.

"चांगलं आहे का?" तिने विचारलं. चार दिवसांतला पहिला शब्द.

"तारीख ताजी आहे. शिवण यंत्राची आहे. गठ्ठे नाहीत." तो थांबला. "आत काय आहे, मला माहीत नाही ताई."

ताईने पोतं बुडाकडून उघडलं, दोरा सरसर ओढला.

"माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणावं," ती म्हणाली. "माहीत असताना म्हणू नये."

खुराड्यात आता चौऱ्याण्णव कोंबड्या होत्या. तिने पहिली मूठ टाकली आणि दोघं त्या खातात का, ते बघत उभी राहिली.